‘शाया’ आणि ‘शाळा’ : हेडफोनच्या सरावाने कान तयार होतो का?

नंदुरबार जिल्ह्यातल्या मुलांच्या कानावर शाळेत पाऊल टाकण्याआधीच अनेक बोली पडलेल्या असतात. शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीच्या परिसरात गुजरी, अहिराणी, भिली, पावरी अशा बोली शेजारी शेजारी नांदतात आणि पाठ्यपुस्तकातली मराठी ही त्यांत आणखी एक. अहिराणीत ‘शाळा’ची ‘शाया’ होते, ‘डोळा’चा ‘डोया’, ‘पाणी’चे ‘पानी’. हा जिभेचा दोष नव्हे, बोलीचा नियम आहे. श्रुतलेखनात मात्र ‘वेळ’ आणि ‘वेल’, ‘मण’ आणि ‘मन’ वेगळे लिहावे लागतात. तिथे चूक झाली की मुलाला उच्चार सुधारायला सांगितले जाते. खरे तर आधी पाहायला हवे, की तो फरक त्याला ऐकू येतो का.

ऐकणे कानात सुरू होते, पण तिथे संपत नाही. कान आवाज मज्जातंतूंपर्यंत पोहोचवतो. त्यातले कोणते फरक महत्त्वाचे मानायचे, हे मेंदू ठरवतो, आणि तेही फार लवकर. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत इंग्रजी घरातल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या ‘ट’ आणि ‘त’मधला फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो कळेनासा झाला होता. त्यांचे कान बिघडले नव्हते. घरात उपयोग नसलेला फरक मेंदूने बाजूला ठेवला होता.

मराठी माणसालाही याचा अनुभव येतो. इंग्रजीतला दातांनी ओठ दाबून काढलेला ध्वनी तो ‘व्ह’ लिहितो, जसे ‘व्हॅन’, आणि ओठ गोल करून काढलेला ‘व’, जसे ‘वॉच’. कागदावर फरक नीट पाळला जातो. पण ‘वेस्ट’ की ‘व्हेस्ट’, हे नुसते ऐकून ओळखायचे म्हटले की अनेकांची गडबड होते.

असा बाजूला पडलेला फरक मोठेपणी परत मिळतो का? याचे सर्वांत चांगले उत्तर जपानी भाषकांवरच्या प्रयोगांतून मिळाले. जपानीत ‘र’ आणि ‘ल’ असे दोन वेगळे ध्वनी नाहीत. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात लोगन, लाइव्हली आणि पिसोनी यांनी सहा जपानी भाषकांना तीन आठवड्यांत पंधरा वेळा सरावाला बसवले. शब्द ऐकायचा, दोनांपैकी एक निवडायचा, आणि बरोबर की चूक ते लगेच कळायचे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अचूक उत्तरांचे प्रमाण सुमारे ७८ टक्क्यांवरून ८६ टक्क्यांवर गेले. वाढ चमत्कार म्हणावी एवढी नाही, पण खरी आहे. पुढच्या अभ्यासांत ती काही महिने टिकलेलीही दिसली. १९९७ साली तर असे आढळले, की बोलण्याचा सराव न करताही शिकणाऱ्यांचे उच्चार सुधारले.

यातली मोलाची गोष्ट वेगळीच आहे. सरावात एकाच माणसाचा आवाज वापरला, तर शिकणारा त्या आवाजात तरबेज होतो, पण नवा माणूस बोलला की पुन्हा अडतो. अनेक आवाज ऐकवले तरच मेंदू एका गळ्याची लकब सोडून ध्वनीची खूण पकडतो. गावच्या शाळेत हे करायला महागडे यंत्र लागत नाही. ‘वेळ-वेल’, ‘काळ-काल’, ‘माळ-माल’, ‘नाळ-नाल’ अशा जोड्या बाई, सर, एखादी आजी, वरच्या वर्गातली मुलगी अशा पाच-सहा जणांच्या आवाजात मोबाइलवर मुद्रित करायच्या. मुलाने ऐकून त्या शब्दाची चिठ्ठी उचलायची, आणि चिठ्ठी चुकली तर तोच शब्द त्याला लगेच पुन्हा ऐकवायचा. रोजची पंधरा-वीस मिनिटे पुरेत. घरची ‘शाया’ मात्र घरात तशीच राहू द्यावी; एका मुलाच्या कानात दोन्ही सुखाने मावतात.

हेडफोनचे काम यात मर्यादित आहे. पंख्याची घरघर, पत्र्यावरचा पाऊस, शेजारच्या वर्गातले पाढे यांपासून तो आवाज वेगळा काढतो, म्हणून बारीक फरक स्पष्ट येतो. शिकवतो तो सराव. हेडफोन नुसता कानाला लावून गाणी ऐकल्याने ‘ळ’ आणि ‘ल’ वेगळे होत नाहीत.

शिवाय जे शिकवले तेवढेच सुधारते. ‘र-ल’मध्ये पक्का झालेला माणूस त्या जोरावर ‘ट-त’ ओळखू लागेल, अशी खात्री नाही. ‘ऐकण्याची शक्ती वाढवा’ अशा जाहिराती म्हणूनच तपासून घ्याव्यात. अमेरिकेत माजी सैनिकांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, श्रवणयंत्राच्या जोडीला संगणकावरचा श्रवणसराव केलेल्यांना नुसते श्रवणयंत्र वापरणाऱ्यांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. कानातल्या पेशी एकदा गेल्या की सरावाने परत येत नाहीत.

उलट मोठ्या आवाजाने त्या जातात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबल आणि मुलांसाठी ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तासांपर्यंत, अशी मर्यादा सांगितली आहे. आणि मूल ‘वेळ-वेल’च नव्हे, तर मागून मारलेली हाकही चुकवत असेल, तर सरावाआधी कान तपासायला हवेत. साठलेला मळ किंवा मधल्या कानातले पाणी, एवढेही कारण असू शकते. पुढच्या तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयातला कान-नाक-घसा विभाग आणि मुंबईत वांद्र्याची १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, ही विचारायची ठिकाणे आहेत.