विळीची धार, कोयत्याची धार

पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड हे तालुके भीमा व घोड नद्यांच्या काठचे. पाटस, न्हावरे ही येथील गावे साखर कारखान्यांमुळे परिचित आहेत. गळीत हंगाम सुरू झाला, की बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या इकडे येतात. पहाटे फडात उतरण्यापूर्वी कामगार प्रथम काय करतो? कोयत्याच्या पात्यावर कानस फिरवतो. त्याच सुमारास गावातल्या एखाद्या घरात आई विळीवर टोमॅटो चिरू पाहते आणि म्हणते, "विळी अगदी बोथट झाली!" फडातला कोयता आणि स्वयंपाकघरातली विळी यांचे शास्त्र एकच आहे. ते आज समजून घेऊ.

धार म्हणजे काय?

पात्याच्या दोन उतरत्या बाजू जेथे मिळतात ती कड म्हणजे धार. ही कड जितकी अरुंद, तितकी धार तीक्ष्ण. दाब = बल ÷ क्षेत्रफळ, हे सूत्र तुम्ही शिकला आहातच. समजा, आपण टोमॅटो विळीवर 20 न्यूटन बलाने, म्हणजे सुमारे 2 किलो वजनाइतक्या जोराने दाबला. धारेची 2 सेंटिमीटर लांबी त्याला टेकली आहे आणि कड 1 मायक्रोमीटर (मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद आहे. क्षेत्रफळ झाले 0.0002 चौरस सेंटिमीटर. म्हणून दाब 1,00,000 न्यूटन प्रति चौरस सेंटिमीटर! आता कड झिजून 20 मायक्रोमीटर रुंद झाली असे माना. तेवढ्याच बलाने दाब फक्त 5,000 होईल. ही 20 मायक्रोमीटरची कडसुद्धा आपल्या केसाहून बारीक असते. म्हणून बोथटपणा डोळ्यांना दिसत नाही, हाताला मात्र कळतो.

बोथट पाते अधिक धोक्याचे

बोथट विळीने बोट कापणार नाही असे अनेकांना वाटते. खरी गोष्ट उलट आहे. धार नसली की आपण जोर वाढवतो. टोमॅटोची गुळगुळीत साल प्रथम दाद देत नाही, मग एकाएकी फाटते, आणि जोरात असलेला हात थेट पात्यावर जातो. कांद्याच्या पेशीही बोथट धारेने जास्त चिरडतात आणि डोळ्यांची आग अधिक होते.

फडात तर धारेवर पोट अवलंबून असते. ऊसतोडीची मजुरी टनावर मिळते. पतिपत्नीच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात. धार गेली, की एका घावाच्या जागी दोन-तीन घाव घालावे लागतात आणि दिवसअखेर मोळ्या कमी भरतात. शेतकऱ्याचेही नुकसान होते. उसाच्या बुडख्याकडील कांड्यांत शेंड्यापेक्षा साखर जास्त असते, म्हणून ऊस जमिनीलगत तोडायचा असतो. बोथट कोयत्याने बुडखा ठेचतो, फाटतो, आणि त्यातूनच पुढे फुटणाऱ्या खोडव्याला ते बाधते.

कोण कोणाला घासतो?

कठीण पदार्थ मऊ पदार्थावर ओरखडा काढतो. या नियमावर फ्रेडरिक मोस या शास्त्रज्ञाने 1812 मध्ये खनिजांच्या काठिण्याची 1 ते 10 अशी श्रेणी मांडली. तीत हिरा 10, कुरुंद 9, क्वार्ट्‌झ 7. चांगल्या पोलादी पात्याचे काठिण्य सुमारे 6. आपल्या पठारावरचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, ज्या खनिजांचा बनला आहे त्यांचे काठिण्यही 6 च्याच आसपास. म्हणून साध्या काळ्या दगडावर धार लागते, पण हळूहळू. कुरुंदाचा दगड हे काम झटपट करतो. दुकानात मिळणारा कार्बोरंडमचा दगड म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. एडवर्ड ॲचिसन यांनी 1891 मध्ये हा पदार्थ विद्युतभट्टीत तयार केला. तो कुरुंदाहूनही थोडा कठीण आहे. दगड नसला, तर लोणच्याच्या चिनीमातीच्या बरणीच्या बुडाची खरखरीत, झिलई नसलेली कडही उपयोगी पडते.

कोन आणि पाणी

घरच्या सुरीची प्रत्येक बाजू दगडाशी सुमारे 20 अंशांचा कोन करून घासावी. कोनमापक नको, त्रिकोणमिती पुरे! sin 20° = 0.34. पाते 3 सेंटिमीटर रुंद असेल, तर त्याची पाठ दगडापासून 3 × 0.34, म्हणजे सुमारे 1 सेंटिमीटर उचलावी. कोयत्याला घाव सोसायचा असतो, म्हणून त्याचा कोन मोठा ठेवतात. अतिबारीक धार एका घावातच दुमडेल.

दगड ओला ठेवावा. पाण्याबरोबर लोखंडाचा कीस वाहून जातो आणि दगडाची छिद्रे बुजत नाहीत. एका बाजूने घासत राहिले, की दुसऱ्या बाजूला पापुद्र्यासारखी सूक्ष्म कड वळते. मग बाजू बदलावी. शेवटी दोन्ही बाजूंनी आळीपाळीने हलके हात मारून तो पापुद्रा काढून टाकावा.

पाण्याचे आणखी एक काम आहे. लोहार पाते लाल तापवून एकदम पाण्यात बुडवतो, यालाच 'पाणी देणे' म्हणतात. त्यामुळे पोलाद कठीण होते. फिरत्या चाकावर पाते कोरडेच दाबून धरले, तर घर्षणाने कड तापते. ती सुमारे 300 अंश सेल्सिअसपर्यंत तापून निळसर झाली, की पोलाद मऊ पडते. पात्याचे पाणी उतरले, असे म्हणतात ते हेच!

करून पाहा

हा प्रयोग घरातील मोठ्या माणसांसमोरच करा. धार लावण्यापूर्वी वर्तमानपत्राचा कागद सुरीने कापा, नंतर पुन्हा कापा. आधी कागद फाटेल, मग सरळ कापला जाईल. धार पाहण्यासाठी बोट कधीही धारेच्या लांबीवरून फिरवू नका. विळी पाटाला पक्की असते, म्हणून तिथे पाते स्थिर ठेवून दगड फिरवावा. काम झाल्यावर पाते धुऊन कोरडे पुसा. कैरी किंवा लिंबू चिरल्यावर तर नक्कीच, कारण आम्लाने लोखंडाची धार लवकर खाल्ली जाते.

आणि पुढच्या वेळी आई म्हणाली, "विळी बोथट झाली," तर नुसते ऐकून सोडू नका. तिची बोटे रोज त्या पात्यापाशी असतात.