आगुंगचा देव आणि अकरा रुद्र

शके १९४५ चा पहिला दिवस म्हणजे २२ मार्च २०२३. त्या दिवशी आपल्याकडे दारोदार गुढ्या उभ्या होत्या आणि घरोघर श्रीखंडाच्या वाट्या भरल्या जात होत्या. त्याच दिवशी, त्याच शके १९४५ च्या स्वागताला, इंडोनेशियातल्या बाली बेटावर मात्र चूल पेटली नव्हती, दिवा लागला नव्हता, रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. विमानतळसुद्धा बंद होता. बालीचे हिंदू नववर्षाचा पहिला दिवस मौनात काढतात. त्याला ते ‘न्येपी’ म्हणतात. पाडवा आणि न्येपी दर वर्षी एकाच दिवशी येतात असे नाही, पण शकाचा आकडा दोघांचा एकच.

हा आकडा मी आरंभीच सांगितला त्याला कारण आहे. पुढे ज्या ज्वालामुखीची हकीकत सांगायची आहे, तिच्यातला सारा वाद या आकड्यावरूनच झाला.

त्या ज्वालामुखीचे नाव गुनुंग आगुंग. गुनुंग म्हणजे पर्वत आणि आगुंग म्हणजे थोर. बालीच्या पूर्व भागात तो ३००० मीटरांहून अधिक उंच उभा आहे. बाली माणसाच्या दिशासुद्धा या पर्वतावरून ठरतात. आपण उत्तर-दक्षिण म्हणतो, तो ‘काजा’ आणि ‘केलोद’ म्हणतो. म्हणजे पर्वताकडे आणि समुद्राकडे. पर्वताकडची बाजू पवित्र. घरातले देवघर त्या अंगाला बांधायचे, झोपताना उशी तिकडे करायची. पर्वताकडे पाय करून निजणे त्याला कसेसेच वाटते. आपल्याकडे दक्षिणेकडे पाय करून निजणाऱ्याला आजी उठवीत असे, त्यातलाच हा प्रकार.

भाषा शिकविणाऱ्या माणसाला शब्दांचा माग काढण्याची खोड असते. आगुंगच्या वाटेवर तर पावलोपावली ओळखीचे शब्द भेटतात. बालीतले लोक आपल्या धर्माला ‘आगम तीर्थ’ असेही म्हणतात, कारण मंत्रवलेल्या पाण्यावाचून त्यांचे एकही कार्य पार पडत नाही. त्यांच्या देवळांवर एकावर एक अशी छपरे रचलेले लाकडी मनोरे असतात. छपरांची संख्या नेहमी विषम, फार तर अकरा. या मनोऱ्याचे नाव ‘मेरू’. आणि आगुंगच्या उतारावर, सुमारे १००० मीटर उंचीवर, बालीतले सर्वांत मोठे देवस्थान आहे, त्याचे नाव बेसाकी. हे नाव वासुकी नागावरून आले असे मानतात.

जावा बेटाच्या एका जुन्या ग्रंथात अशी कथा आहे की, आरंभी ते बेट समुद्रात तरंगत डळमळत होते. ते स्थिर करण्यासाठी देवांनी जंबुद्वीपातला महामेरू उचलून तिकडे नेला. बालीच्या लोकांनी या कथेला आपली पुरवणी जोडली. पशुपतीने त्या मेरूचे तुकडे आणून बालीवर ठेवले. त्यांतला एक आगुंग आणि दुसरा बातुर. बातुरवर तळ्याची देवी राहते आणि आगुंगवर महादेव. म्हणजे मुळात हा पर्वत आणला गेला तो बेट हलू नये म्हणून!

वासुकीची कथा तर एखाद्या कहाणीसारखी आहे. सिद्धिमंत्र नावाचा एक ब्राह्मण होता. त्याचा मुलगा माणिक अंगकेरान. नाव माणिक, पण कर्म जुगाऱ्याचे. मुलाचे कर्ज फेडण्यासाठी बाप आगुंगवर जाई, घंटा वाजवी, नागाला दूध वाही आणि नाग त्याला सोने देई. एकदा मुलाने ती घंटा चोरली आणि स्वतःच तिकडे गेला. नागाच्या शेपटीवरचे रत्न पाहून त्याला मोह आवरेना. त्याने शेपूटच तोडली. नागाने त्याच्या पावलांचा ठसा चाटला आणि पोरगा जागच्या जागी भस्म झाला. पुढे बापाने नागाची शेपूट जोडून दिली, तेव्हा मुलगा जिवंत झाला. पण त्याला देवाच्या सेवेला तिथेच ठेवावे लागले. परत जाताना बापाने काठीने जमिनीवर रेघ ओढली. त्या रेघेत समुद्र शिरला आणि बाली जावापासून वेगळे झाले.

ज्वालामुखीच्या छायेत राहणाऱ्यांचा सारा अनुभव या गोष्टीत आला आहे. पर्वत सोने देतो हे खरेच. राखेने कसदार झालेल्या जमिनीवर आणि डोंगरातून आलेल्या पाण्यावर बालीची भातशेती उभी आहे. पण देणाऱ्याने किती द्यावे हे घेणाऱ्याने ठरवायचे नसते.

आता मूळ हकीकतीकडे येऊ. शंभर वर्षांतून एकदा, शकाच्या आकड्यात शेवटी दोन शून्ये आली की, बेसाकीला ‘एक दश रुद्र’ नावाचा महायज्ञ करावा असा तिकडचा संकेत आहे. एकादश रुद्र आपल्याला नवे नाहीत. आपण अभिषेकाची अकरा आवर्तने करतो. बालीत हे अकरा रुद्र अकरा दिशांचे: आठ दिशा, वर, खाली आणि मध्य. विश्वाचा बिघडलेला तोल सावरावा हा यज्ञाचा हेतू. काळ फारच वाईट आला तर तो मुदतीआधीही करता येतो. कित्येक पिढ्यांत तो झाला नव्हता. १९६३ मध्ये तो करायचे ठरले. तेव्हा शक होता १८८४. दोन शून्यांना अजून सोळा वर्षे होती.

आगुंग १८४३ नंतर शांत होता. यज्ञाची तयारी चालू असतानाच, १८ फेब्रुवारी १९६३ रोजी, त्याने तोंड उघडले. धूर निघत होता, राख पडत होती. यज्ञ थांबवावा की पुरा करावा? तो पुरा करायचे ठरले. ८ मार्च रोजी, धुमसत्या शिखराखाली, मुख्य विधी झाला. त्यानंतर नवव्या दिवशी, १७ मार्चला, पर्वत खऱ्या अर्थाने फुटला. तापलेले वायू आणि राख यांचे लोट उतारावरून धावले. पावसाने राखेचा चिखल होऊन तो नद्यांतून आला. ११०० हून अधिक माणसे गेली. कित्येकांनी गाव सोडलेच नव्हते. देव आपल्या दारी येत असताना पळायचे कसे, ही त्यांची भावना. बेसाकीचे मुख्य देऊळ मात्र थोडक्यात वाचले.

तोल सावरण्यासाठी मांडलेल्या यज्ञातच असा घाला पडावा, मग श्रद्धेचे काय व्हावे? आपल्यातला कोणी म्हणेल, ती संपायला हवी होती. ती संपली नाही. देऊळ वाचले म्हणजे देवाने यज्ञ स्वीकारला, असे काहींनी म्हटले. पुष्कळांनी दोष पंचांगाच्या पदरात टाकला: मुहूर्त चुकला, सोळा वर्षे आधी हात घातला. १९६५-६६ मध्ये बालीत राजकीय कत्तलीत हजारो माणसे मारली गेली, तेव्हा काम अपुरे राहिल्याची ही रुखरुख आणखी वाढली. अखेर शके १९०० संपताना, मार्च १९७९ मध्ये, तो यज्ञ पुन्हा केला गेला. या वेळी आगुंग गप्प राहिला.

विज्ञानाला या योगायोगात रुद्र दिसत नाही. समुद्रतळाचा भूपट्ट बेटाखाली सरकतो, खोलवर शिलारस तयार होतो आणि कोंडलेले वायू त्याला वर फेकतात. आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच बनलेला, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी निवलेला. म्हणून आपल्या डोंगरावरच्या देवाला जाताना आपल्याला पायऱ्यांचेच काय ते भय! निवलेल्या डोंगरावर बसून धगधगत्या डोंगराखालच्या माणसांना अंधश्रद्ध म्हणणे सोपे आहे.

सप्टेंबर २०१७ मध्ये आगुंगखालची जमीन पुन्हा थरथरू लागली. यंत्रांनी इशारा दिला आणि १,४०,००० हून अधिक लोक घरे सोडून गेले. नोव्हेंबरात उद्रेक झाला, विमानतळ बंद पडला. पण १९६३ सारखा संहार झाला नाही. आणि म्हणून काही कोणी पूजा सोडली नाही. देव पर्वतात आहे असे मानणे वेगळे, आणि पर्वत आपल्याला काही करणार नाही असे मानणे वेगळे. हा भेद बालीच्या माणसाने फार मोठी किंमत देऊन शिकून घेतला. वासुकीची गोष्ट सांगणाऱ्या पूर्वजांना मात्र तो आधीच कळला असावा.

दोन शून्यांची पुढची पाळी शके २००० ची. ते संपेल २०७९ मध्ये. बेसाकीला तेव्हा पुन्हा अकरा रुद्रांची पूजा मांडली जाईल. मात्र मुहूर्त काढताना पुजारी पंचांगाबरोबरच भूकंपमापकाचा कागदही पाहतील, असे मला वाटते.