एकेक कार्ड जोडताना

लहान मुलाच्या खिशात हात घालून पाहा. दोन गोट्या, बाटलीचे एखादे बूच, काडेपेटीवरचे फाडून घेतलेले चित्र, नाहीतर बबलगमबरोबर मिळालेला एखाद्या क्रिकेटपटूचा फोटो. धुणे भिजत घालताना आई हे सारे बाहेर काढते आणि म्हणते, "काय हा कचरा गोळा केलाय!" मुलाच्या लेखी मात्र तो कचरा नसतो. ती त्याची स्वतःची मिळकत असते.

अमेरिकेतील आयांनीही पिढ्यान् पिढ्या हेच म्हटले. तिथल्या मुलांच्या खिशात सापडत बेसबॉलची कार्डे. बेसबॉल हा आपल्या क्रिकेटसारखाच चेंडू-फळीचा खेळ आणि तिकडे गल्लोगल्ली लाडका. कार्ड म्हणजे पत्त्यांच्या पानाएवढा जाड कागद. पुढच्या बाजूला खेळाडूचे चित्र. मागच्या बाजूला त्याचे जन्मगाव, उंची, वजन आणि त्याने मैदानावर काय कमावले त्याचा हिशेब. प्रत्येक कार्डाला एक क्रमांक. त्या वर्षीच्या सगळ्या क्रमांकांची कार्डे जमली की झाला सेट पूर्ण.

कागदाच्या या तुकड्यांपायी माणसे आयुष्यभर वेडी होतात. त्यांना त्यातून मिळते तरी काय? हा प्रश्न विचारण्याजोगा आहे, कारण त्याचे उत्तर केवळ कार्डांपुरते नाही.

सिगारेटच्या पाकिटातून बबलगमच्या पाकिटात

ही कार्डे आधी मुलांसाठी नव्हतीच. १८८० नंतरच्या दशकात तिकडच्या सिगारेट कंपन्या पाकिटात एक जाड कागद घालू लागल्या. पाकीट चेपून सिगारेट मोडू नये हा एक हेतू, आणि त्यावर चित्र छापले तर गिऱ्हाईक पुन्हा तेच पाकीट घेईल हा दुसरा. बाप सिगारेट ओढायचा, मुलगा चित्र मागायचा.

१९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने असाच एक मोठा सेट काढला. त्यात ५२४ कार्डे आहेत असे संग्राहक मानतात. त्यातले होनस वॅग्नर या खेळाडूचे कार्ड जगप्रसिद्ध झाले. वॅग्नर हा कोळसा खाणीत राबणाऱ्या घरातला. कोवळ्या वयात तो स्वतःही खाणीत उतरला होता. पुढे तो पिट्सबर्गच्या संघाचा नामांकित खेळाडू झाला. त्याचे कार्ड थोडेच छापून थांबले. त्याची दोन कारणे सांगितली जातात. आपल्या चित्रासाठी मुलांनी तंबाखू विकत घ्यावी हे त्याला पटले नाही, असे काहीजण म्हणतात. कंपनीने त्याला मोबदला दिला नाही, असे दुसरे म्हणतात. कारण काहीही असो, आज त्या कार्डाच्या काही डझनच प्रती उरल्या आहेत. त्यातली एक २०२२ साली साडेबहात्तर लाख डॉलरला विकली गेली.

पुढे तंबाखूची जागा बबलगमने घेतली आणि कार्डे खऱ्या अर्थाने मुलांच्या हाती आली. १९५१ च्या शरदात टॉप्स या बबलगम कंपनीचा नोकर साय बर्गर याने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात, आपल्या घरातल्या स्वयंपाकाच्या टेबलावर बसून, एका सहकाऱ्याबरोबर पुढच्या वर्षीच्या कार्डाचा नमुना तयार केला. तोच १९५२ चा ४०७ कार्डांचा सेट. आजचे बेसबॉल कार्ड त्याच वळणावर घडलेले आहे.

साध्या कार्डाचा मान

आता सेट कसा जमतो ते पाहू. पाकीट बंद असते. आत कोण निघेल ते दुकानदारालाही ठाऊक नसते. पहिल्या पाकिटातली सारी कार्डे नवी असतात. दहाव्या पाकिटात निम्मी डबल निघतात. पुढे पुढे तर पाकिटामागून पाकीट फोडावे आणि एकही नवे कार्ड निघू नये, असे होते. सगळाच सेट पाकिटे फोडून जमवायचा म्हटले, तर बापाचा पगार पुरायचा नाही.

म्हणून मग मुले एकमेकांकडे जातात. एकजण आपला गठ्ठा उलगडत जातो आणि दुसरा म्हणतो, "आहे, आहे, आहे, नाही!" त्या 'नाही'वर थांबायचे आणि सौदा करायचा. माझ्याकडे हा डबल, तुझ्याकडे तो डबल. यात मुलगा बोलायला शिकतो, आपल्याजवळच्या वस्तूचे मोल ओळखायला शिकतो आणि सौदा झाल्यावर कुरकुर करायची नाही हेही शिकतो. फसवणाऱ्याकडे दुसऱ्यांदा कोणी जात नाही.

काही कार्डांवर खेळाडू नसतोच. त्यावर सगळ्या क्रमांकांची यादी आणि प्रत्येक नावापुढे एक रिकामा चौकोन असतो. कार्ड मिळाले की मुलाने पेन्सिलीने खूण करायची. हिशेबाची सवय अशी खेळता खेळता लागते. कार्डाच्या पाठीवरचे आकडे तर गणिताचे पुस्तकच. फलंदाज ५०० वेळा खेळायला उभा राहिला आणि त्यातले त्याचे १५० फटके यशस्वी ठरले, तर १५० ला ५०० ने भागायचे. उत्तर ०.३००. ज्याची सरासरी तीनशेच्या वर तो पक्का फलंदाज. शाळेत भागाकाराला कंटाळणारा मुलगा हा भागाकार आनंदाने करतो.

पण सेट जोडणाऱ्याला मिळणारी सर्वांत मोठी शिकवण निराळीच आहे. प्रसिद्ध खेळाडूचे कार्ड सर्वांनाच हवे असते. बाकीचे खेळाडू, एखादे वर्ष संघात येऊन गेलेले, राखीव म्हणून बाकावर बसलेले, त्यांच्या कार्डांना तिकडे 'कॉमन' म्हणतात, म्हणजे साधी. केवळ नामवंतांची कार्डे जमवणाऱ्याला ती नकोशी वाटतात. सेट जोडणाऱ्याचे तसे नाही. ४०६ कार्डे जमली आणि एक साधे कार्ड राहिले, तर सेट अपुरा. आल्बममधली ती एक रिकामी चौकट त्याला झोपू देत नाही. ज्याचे नाव कोणाला आठवत नाही अशा खेळाडूला तो गावोगाव शोधत फिरतो. सेटमध्ये प्रत्येकाला एकच जागा आणि प्रत्येकाची जागा सारखीच मोलाची.

१९५२ च्या सेटमधले पहिल्या क्रमांकाचे कार्ड अँडी पाफ्को याचे आहे. पाफ्को चांगला खेळाडू होता, पण त्याचे कार्ड महाग झाले ते दुसऱ्याच कारणाने. मुले कार्डे क्रमाने लावून रबराने बांधून ठेवत. पहिला क्रमांक सर्वांत वर. रबराचा काच त्याला, घामट हात त्याला, खिशातली धूळही त्यालाच. म्हणून पाफ्कोचे कोरेकरकरीत कार्ड आज क्वचितच सापडते. बाकीच्यांचे रक्षण करता करता ते झिजले.

ज्यांना जागाच नव्हती

पूर्ण सेट असे आपण म्हणतो, पण कोणाचा पूर्ण? तंबाखू कंपनीच्या त्या ५२४ कार्डांमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नाही. ते खेळत नव्हते म्हणून नव्हे. गोऱ्यांच्या मोठ्या संघांनी त्यांना दार बंद केले होते म्हणून. त्यांनी आपले वेगळे संघ काढले आणि आपल्या स्पर्धा भरवल्या. त्यांना निग्रो लीग म्हणत. तिथे एकाहून एक खेळाडू होऊन गेले. पण दुकानातल्या पाकिटातून त्यांचे चेहरे निघत नव्हते. आपल्यासारख्या रंगाचा एकही माणूस त्या गठ्ठ्यात न दिसलेल्या मुलाला काय वाटले असेल, हे या पानाच्या वाचकांना वेगळे समजावून सांगायला नको.

१५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघातर्फे मैदानात उतरला आणि ते दार उघडले. त्याने शिव्या सोसल्या, धमक्या सोसल्या, पण खेळ सोडला नाही. दोन-तीन वर्षांत त्याची कार्डे निघू लागली. १९५२ च्या सेटमध्ये त्याचा क्रमांक ३१२ आहे. त्याच्या शेजारी ३११ वर मिकी मँटल हा गोरा खेळाडू. ज्या मुलाला सेट पूर्ण करायचा होता त्याला दोघेही लागत. मग घरात काहीही शिकवलेले असो, रॉबिन्सनला गाळून सेट पूर्ण होत नव्हता.

जॉश गिब्सनच्या नशिबी तेही आले नाही. निग्रो लीगचा हा जबरदस्त फलंदाज जानेवारी १९४७ मध्ये, वयाच्या अवघ्या ३५ व्या वर्षी वारला. रॉबिन्सन मैदानात उतरला त्याच्या तीनच महिने आधी. पण आकडे मरत नाहीत. अभ्यासकांनी जुन्या वर्तमानपत्रांतून एकेका सामन्याचा हिशेब गोळा केला. १९२० ते १९४८ या काळातील निग्रो लीगला डिसेंबर २०२० मध्ये प्रमुख स्पर्धांचा दर्जा मिळाला आणि मे २०२४ मध्ये तिचे आकडे अधिकृत नोंदीत घेतले गेले. तेव्हा संपूर्ण कारकिर्दीच्या सरासरीत टाय कॉबचे ३६७ मागे पडले आणि गिब्सनचे ३७२ वर आले. कॉब हा त्या तंबाखूच्या सेटमधला मोठा मोहरा. ज्याला त्या पाकिटात जागा नव्हती तोच आज यादीत त्याच्या वर बसला आहे. जपून ठेवलेला कागद असा कधीतरी साक्षीला उभा राहतो.

पैशाच्या मागे लागलेल्यांची गोष्ट

मँटलच्या त्या ३११ क्रमांकाच्या कार्डाची एक प्रत ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेली. गंमत अशी की, १९५२ च्या सेटचा उरलेला माल कोणी घेईना, म्हणून १९६० साली तो बार्जवर चढवून समुद्रात बुडवला, असे खुद्द साय बर्गर सांगत असे.

असे आकडे ऐकले की कोणाचेही डोळे फिरतात. १९८० च्या दशकाअखेर अमेरिकेत तसेच झाले. जुनी कार्डे सोन्याच्या भावाने जात आहेत हे पाहून लोकांनी नव्या कार्डांची खोकीच्या खोकी विकत घेतली. कित्येकांनी ती न फोडता माळ्यावर टाकली. मुलाच्या कॉलेजचा खर्च यातून निघेल, असा त्यांचा हिशेब. कंपन्यांनीही ओळखले आणि भरमसाट छापले. जुनी कार्डे महाग होती ती बहुतेक फाटली, हरवली, फेकली गेली म्हणून. नवी तर सगळ्यांनीच जपून ठेवलेली! मग भाव येणार कुठून? त्या काळातली बहुतेक कार्डे आज मातीमोल आहेत.

आपल्या घरातही हे ध्यानात ठेवावे. कार्ड असो, तिकीट असो की नाणे, मुलाला छंद लावावा, पण त्यातून पैसा येईल अशी आशा लावू नये. बंद पाकिटाची चटक जुगाराच्या वळणावर जाऊ शकते. महिन्याला अमुक एवढेच, असे ठरवून द्यावे. बाकीचे अदलाबदलीने मिळवू द्यावे. खरी मजाही त्यातच आहे.

दुखऱ्या बोटांचा कामगार

ज्याने या छंदातून एक पैसाही कमावला नाही, त्याची गोष्ट सांगून हा लेख संपवू.

जेफरसन बर्डिक हा न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज शहराचा. जन्म १९०० चा, शेतकऱ्याच्या घरातला. नोकरी कारखान्यात, विजेच्या साहित्याचे भाग जोडण्याची. लग्न केले नाही. ऐन उमेदीत संधिवाताने त्याचे सांधे धरले आणि तो वाढतच गेला. बोटे वाकडी झाली. अशा हातांनी तो दिवसा कारखान्यात भाग जोडी आणि रात्री कार्डे लावी.

त्या काळी या कार्डांना कोणी विचारत नव्हते. कोणत्या कंपनीने कोणता सेट कधी काढला, त्यात किती कार्डे, याची नोंद कुठेही नव्हती. बर्डिकने ती केली. १९३९ साली त्याने पहिली सूची छापली आणि पुढे प्रत्येक सेटला अक्षर व क्रमांक दिला. त्या तंबाखूच्या सेटला त्याने दिलेले 'टी २०६' हे नाव आजही जगभर चालते.

मग त्याने आपला सारा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकायचे ठरवले. १९४७ पासून तो कार्डे पोहोचवू लागला. एकूण तीन लाखांवर छापील कागद, त्यात तीस हजारांहून अधिक बेसबॉल कार्डे. नुसती देऊन तो थांबला नाही. म्युझियमच्या एका टेबलाशी बसून तो ती क्रमवार आल्बममध्ये चिकटवू लागला. एकेक कार्ड, वाकड्या बोटांनी, वर्षानुवर्षे. शरीर आधी संपते की काम आधी, अशी ती शर्यत होती.

काम आधी संपले. जानेवारी १९६३ मध्ये त्याने शेवटचे कार्ड चिकटवले आणि तो इस्पितळात दाखल झाला. मार्चमध्ये तो गेला. त्याचे आल्बम आजही त्या म्युझियममध्ये आहेत. महान चित्रकारांच्या कृती जिथे जपल्या जातात, त्याच इमारतीत सिगारेटच्या पाकिटातली चित्रेही जपली आहेत. तिथे ती नेऊन ठेवली एका कारखान्यातल्या कामगाराने.

काय मिळाले त्याला? पैसा नाही, घरदार नाही. पण जे विखुरलेले होते ते त्याने एकत्र आणले, ज्याला नाव नव्हते त्याला नाव दिले आणि हाती घेतलेले काम तडीस नेले. एवढे समाधान पुष्कळ झाले.

तेव्हा आयांनो, उद्या धुणे भिजवताना मुलाच्या खिशातून काही निघाले, तर लगेच केराच्या टोपलीत टाकू नका. आधी त्याला जवळ बसवा आणि विचारा, "यातले कुठले राहिले रे अजून?" तो कसा भरभरून बोलू लागतो ते पाहा. मग एखादा रिकामा बुटांचा खोका त्याला द्या आणि एक वही. काय मिळाले, कोणाकडून मिळाले, काय हवे आहे, हे त्याला त्यात लिहू द्या. सेट पूर्ण होईल न होईल, वही मात्र भरत जाईल.