नेट गेलं म्हणजे नेमकं कुठे गेलं?

उसाच्या हंगामात आपल्या नगर जिल्ह्यात नेट जायला एक खास कारण मिळतं. टच्च भरलेली ट्रॉली गावातल्या वळणावर वळते, वरच्या मोळ्या खांबावरून लोंबणाऱ्या काळ्या केबलला अडकतात आणि केबल गेली. घरात मात्र दिसतं ते एवढंच, की व्हिडिओच्या मध्यावर चक्र फिरतंय. ‘नेट गेलं’ म्हणून आपण राउटर बंद-चालू करतो. बऱ्याचदा तेवढ्यानं भागतंही. पण नाहीच भागलं, तर शेवगावच्या किंवा जामखेडच्या घरातून न उठता बिघाड कॉम्प्युटरात आहे, डब्यात आहे, रस्त्यावर आहे की पार समुद्रापलीकडे, याचा पुष्कळसा छडा लावता येतो. नेटवर्क बांधणाऱ्यांनीच ही सोय आत करून ठेवलीय, आणि ती इतकी देखणी आहे की नेट चालू असतानाही करून बघावी.

आधी पडद्याच्या कोपऱ्यातल्या त्या चिन्हाबद्दल. नेट आहे की नाही, हे विंडोजला कळतं कसं? ती मायक्रोसॉफ्टच्या एका ठरलेल्या पत्त्यावरून एक इवलीशी फाइल मागवते. तिच्यात तीनच शब्द असतात: ‘मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट’. इंग्रजीत मोकळ्या जागा धरून २२ अक्षरं. ती जशीच्या तशी आली तर नेट आहे, नाहीतर ‘नो इंटरनेट’. कधी नेमकी तेवढीच फाइल अडते. नेट चालू असतं आणि चिन्ह नाही म्हणतं. तेव्हा चिन्हावर फार विसंबू नका.

विसंबायचं पिंगवर. अमेरिकी लष्कराच्या एका प्रयोगशाळेतलं नेटवर्क विचित्र वागत होतं, म्हणून माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये हा छोटा प्रोग्रॅम लिहिला. पाणबुडी हुडकायला पाण्यात आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकतात, तीच कल्पना. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत ‘पिंग’ आणि पुढे पत्ता लिहिला की तिकडून ओ येते का आणि किती मिलिसेकंदांत येते, ते दिसतं.

पहिली हाक घरच्या राउटरला. त्याचा पत्ता ‘आयपीकॉन्फिग’ लिहिल्यावर ‘डिफॉल्ट गेटवे’समोर दिसतो, पुष्कळ घरांत तो १९२.१६८.१.१ असतो. तिथेच तुमच्या कॉम्प्युटरचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होताना दिसला, तर समजा की कॉम्प्युटरनं राउटरकडे पत्ता मागितला, कुणी दिला नाही, शेवटी त्यानं स्वतःच एक घेतला. म्हणजे बिघाड घरातच. वायफाय असेल तर मधली दगडी भिंत किंवा गोदरेजचं कपाट तपासा. २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांबीची, ती भिंतीतून बरी जाते. ५ गिगाहर्ट्झची तिच्या निम्मी, ती लवकर दमते. भिंतींवर आपटून परतणाऱ्या लहरींच्या गोंधळातून मूळ संदेश निवडण्याचं एक महत्त्वाचं तंत्र ऑस्ट्रेलियातल्या जॉन ओसुलिव्हन यांच्या गटानं दिलं, आणि ओसुलिव्हन मुळात रेडिओ खगोलशास्त्रातले. पारनेरला लागून असलेल्या जुन्नर तालुक्यात, खोडदला आणि त्याच्या आसपास, रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या याच शास्त्रासाठी आभाळाकडे तोंड करून उभ्या आहेत!

राउटरनं ओ दिली, तर नजर फायबरच्या डब्यावर. ‘लॉस’ या अक्षरांखाली लाल लाईट लागला असेल तर बाहेरून प्रकाशच येत नाहीये. इथे जरा थांबण्यासारखं आहे. त्या केबलच्या पोटात काचेचा धागा असतो, जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. त्यातही प्रकाश चालतो तो मधल्या जेमतेम ९ मायक्रॉनच्या वाटेनं. घराघरांत जी पद्धत सर्रास वापरतात तिच्यात येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा आणि जाणारा १३१० चा. दोन्ही डोळ्यांना न दिसणारे, दोन्ही एकाच धाग्यात समोरासमोर, आणि टक्कर नाही. वर हा धागा पुढे फुटून ३२ किंवा ६४ घरांत जातो. सगळ्यांचा डेटा सगळ्यांच्या डब्यांत येतो. तुमचा डबा फक्त तुमचा उचलतो, बाकीचा कुलूपबंद असतो. उलट पाठवताना प्रत्येक डब्याला वेळ वाटून दिलेली असते, आणि कोण किती लांब आहे ते आधी मोजून घेतलेलं असतं, नाहीतर दोघांचे संदेश एकमेकांवर आदळतील.

धागा तुटला तर माणसं ओटीडीआर नावाचं यंत्र लावतात. ते प्रकाशाचा एक ठोका सोडतं आणि तुटलेल्या टोकावरून परतणारी चमक टिपतं. काचेत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणून ४ किलोमीटरवर तुटलं असेल तर उत्तर ४० मायक्रोसेकंदांत. पिंगचंच तत्त्व, फक्त इथे हाक काचेला.

हाच वेग घरबसल्या वापरून बघा. ‘पिंग ८.८.८.८’ लिहा, इंग्रजी आकड्यांत. हा गूगलचा पत्ता. समजा उत्तर १० मिलिसेकंदांत आलं. तेवढ्यात प्रकाश काचेतून जाऊन-येऊन २,००० किलोमीटर कापतो, म्हणजे उत्तर देणारं यंत्र फार तर १,००० किलोमीटरवर. ते अमेरिकेत असूच शकत नाही. कंपनी परदेशी, पण ओ देणारा इथलाच. टेबलाशी बसून केलेली ही सिद्धता मला अजूनही भारी वाटते.

पण हाकेला उत्तरच नाही आलं तर? मग ‘ट्रेसर्ट’. प्रत्येक संदेशावर एक आकडा असतो. वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो आणि शून्य झालं की संदेश टाकून देऊन पाठवणाऱ्याला तसं कळवतो. संदेश अनंतकाळ भटकू नयेत म्हणून केलेली ही तरतूद. व्हॅन जेकबसन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिचा भलताच उपयोग केला. नगरहून पुण्याला माणूस पाठवायचा, पण तिकिटाचे पैसे मुद्दाम सुप्यापर्यंतच द्यायचे. दुसऱ्याला शिरूरपर्यंत, तिसऱ्याला रांजणगावपर्यंत. जो जिथे अडकेल तिथून त्याचा निरोप येणार, आणि सगळे थांबे आपल्याला कळणार! निरोप जिथे कायमचे थांबतात, बिघाड बहुधा तिथेच. एखाद्या थांब्यावर नुसते तारे दिसले तर घाबरू नका, काही राउटर मुद्दाम उत्तर देत नाहीत. आणि कधी बिघाड खरंच समुद्रात असतो: ३० जानेवारी २००८ ला इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या केबली तुटल्या आणि भारताची जवळजवळ निम्मी क्षमता गेली. त्या दिवशी घरचे राउटर बंद-चालू करून काय होणार होतं?

आणखी एक तऱ्हा: ८.८.८.८ ओ देतं, पण नावानं एकही साइट उघडत नाही. तिथे नावावरून आकडा शोधून देणारी डीएनएस ही व्यवस्था अडलेली असते. सेटिंगमध्ये डीएनएसचा पत्ता ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाकला की बहुधा काम होतं.

तेव्हा पुढच्या वेळी तक्रारीचा फोन कराल तेव्हा ‘नेट चालत नाही’ एवढंच म्हणू नका. राउटर उत्तर देतो का, लॉसचा लाईट लाल आहे का, शेजाऱ्यांचं चालू आहे का, ट्रेसर्ट कुठे थांबतं, हे चार वाक्यांत सांगा. आणि केबल रस्त्यावर तुटून पडलेली दिसली तर पोरांना लांब ठेवा: त्या काचेची कुसळं कातडीत शिरली की सापडत नाहीत, आणि टोकातून येणारा प्रकाश दिसत नसला तरी डोळ्यांना इजा करू शकतो.