इंजिनातील तेलाची गळती

मोटार उभी करण्याच्या जागी तेलाचा डाग दिसला की मालकाचे मन धास्तावते. इंजिन उतरवावे लागेल असे कोणी सांगितले, तर खर्चाच्या कल्पनेने ती धास्ती आणखी वाढते. वास्तविक अनेक गळत्या इंजिन जागेवर ठेवूनच थांबवता येतात. मात्र तेल नेमके कोठून निघते, हे आधी ठरवले पाहिजे.

उदाहरणादाखल, पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे २०१४ सालापर्यंत तयार होत असलेली अँबॅसडर गाडी घेऊ. तिच्या जुन्या १४८९ घनसेंटिमीटरच्या पेट्रोल इंजिनातील तेल वरून खाली ओघळते आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे ढकलले जाते. त्यामुळे मागच्या बाजूस टपकणाऱ्या तेलाचा उगम पुष्कळदा वर किंवा पुढे असतो. म्हणून इंजिन थंड असताना ते रॉकेलने धुऊन पुसावे आणि पूर्ण कोरडे होऊ द्यावे. मग संशयित सांध्यांवर खडूची पूड भुरभुरवून इंजिन थोडा वेळ चालवावे. ते बंद केल्यावर पाहावे. ज्या सर्वांत वरच्या जागी पूड ओली झाली असेल, तेथे गळतीचे मूळ असते.

प्रथम रॉकर कव्हर पाहावे. त्याखालचे कॉर्कचे गॅस्केट उष्णतेने कडक होते. नट अधिक आवळून गळती थांबेल, ही समजूत चुकीची आहे. अशाने कॉर्क चिरडते आणि पत्रा वाकतो. कव्हर काढून त्याची कडा सपाट ठोकळ्यावर ठेवावी, हलके ठोके देऊन सरळ करावी, जुन्या गॅस्केटचे अवशेष खरवडून काढावेत आणि नवे गॅस्केट बसवून नट बेताने आवळावेत. इंजिनाच्या बाजूस, मॅनिफोल्डखाली दडलेल्या टॅपेट कव्हरांनाही हाच नियम लागू पडतो. हात पोचण्यास तेथे अडचण होते, एवढाच फरक.

पुढच्या टायमिंग कव्हरचे सील बदलण्यासाठी रेडिएटर व पुली काढावी लागते, इंजिन नव्हे. कव्हर परत लावताना त्याचे बोल्ट सैल ठेवून आधी पुली सरकवावी, म्हणजे सील दांड्याभोवती सारखे बसते. त्यानंतरच बोल्ट आवळावेत. हा क्रम चुकला तर नवे सीलही लवकर झिजते.

क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाची रचना मात्र वेगळी आहे. या इंजिनात तेथे रबरी सील नसून दांड्यावर उलट्या दिशेचे आटे कोरलेले असतात. दांडा फिरू लागला की ते तेल आत परतवतात. अशा रचनेतून थोडे तेल झिरपणे दोषाचे लक्षण मानू नये. गळती एकाएकी वाढल्यास क्रँककेसमधील वायू बाहेर सोडणारी नळी प्रथम तपासावी. ती कचऱ्याने बुजली असेल, तर आतला दाब वाढून प्रत्येक सांध्यातून तेल बाहेर पडू लागते. नळी मोकळी असूनही तेल भरण्याच्या तोंडातून भपकारे येत असतील, तर पिस्टनच्या कड्या झिजल्याचा संभव असतो. तेथे गॅस्केटे बदलून काही साधत नाही. मागच्या टोकाची गळती तरीही न थांबल्यास आणि तेल क्लचपर्यंत पोचत असल्यास मात्र गिअरबॉक्स अथवा इंजिन उतरवण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

हे काम करताना केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. दुरुस्ती होईपर्यंत तेलाची पातळी पट्टीने रोज पाहावी. डागाने फरशी खराब होते, इतकेच. पण तेल संपलेले इंजिन चालवले तर बेअरिंगे जळतात, आणि मग इंजिन उतरवणे खरोखरच अटळ ठरते.