साडेसात मिलिलिटरमधल्या पाच पेशी

साडेसात मिलिलिटर रक्त म्हणजे जेमतेम दीड चमचा. प्रौढ स्त्रीच्या तेवढ्या रक्तात सुमारे साडेतीन हजार कोटी तांबड्या पेशी असतात आणि पाच कोटींच्या आसपास पांढऱ्या. या गर्दीत स्तनाच्या गाठीतून सुटून आलेल्या पेशी पाच आहेत की चार, हे मोजून सांगणाऱ्या 'सेलसर्च' या यंत्राला अमेरिकेच्या एफडीएने जानेवारी 2004 मध्ये मान्यता दिली. पाच की चार या फरकावरून रोग पसरलेल्या स्त्रीच्या पुढच्या वाटचालीचा अंदाज बांधता येतो, हेही त्याच वर्षी दिसले. तरीही दोन दशकांनंतर हे यंत्र कर्करोगाच्या इस्पितळांत रोजच्या वापरातले झालेले नाही. त्यावरून ते फसले असा निष्कर्ष काढला जातो, आणि तो मला चुकीचा वाटतो. यंत्राने दिलेला आकडा खराच होता. त्या आकड्यावर काही करावे, तर डॉक्टरांच्या हाती पुरेशी औषधे नव्हती.

अशा पेशी रक्तात असतात हे जुनेच ज्ञान आहे. 1869 मध्ये ऑस्ट्रेलियातले डॉक्टर थॉमस अ‍ॅशवर्थ यांनी कर्करोगाने दगावलेल्या एका माणसाच्या रक्तात त्याच्या गाठींतल्या पेशींसारख्याच पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या होत्या. पण त्या रुग्णाच्या अंगावर असंख्य गाठी होत्या. ज्या रक्तात अशा दोन-चारच पेशी असतील, तिथे त्या शोधायच्या कशा, हा प्रश्न पुढे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ पडून राहिला. तो सोडवला पेनसिल्व्हेनियातल्या इम्युनिकॉन या छोट्या कंपनीने, लिऑन टेर्स्टापेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांची युक्ती अशी, की गाठीतल्या पेशीला ओळखण्याआधी तिला गर्दीतून बाहेर ओढायचे. स्तनाचा कर्करोग ज्या अस्तर-पेशींतून उगवतो, त्यांच्या पृष्ठभागावर एपकॅम नावाचे प्रथिन असते. रक्तपेशींवर ते नसते. या प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडे अतिसूक्ष्म लोहकणांवर बसवून ते कण रक्तात मिसळतात आणि नळीला चुंबक लावतात. वाळूतून लोखंडाचा कीस उचलावा तशा त्या पेशी बाजूला येतात. त्यांच्याबरोबर काही हजार पांढऱ्या पेशीही ओढल्या जातातच, म्हणून पुढची पायरी रंगांची. एक रंग केंद्रक दाखवतो, दुसरा अस्तर-पेशींतले केराटिन, आणि तिसरा पांढऱ्या पेशींची खूण असलेले सीडी-45. केंद्रक आहे, केराटिन आहे आणि सीडी-45 नाही, अशी पेशी मोजायची. यंत्र संशयितांची छायाचित्रे काढून पडद्यावर मांडते, पण शेवटचा होकार प्रशिक्षित माणसाच्या डोळ्यांचा असतो. रक्त घेण्याची नळीही खास असते. तिच्यातल्या रसायनामुळे पेशी साध्या तापमानाला चार दिवस टिकतात, म्हणून नमुना दूरच्या प्रयोगशाळेत पाठवता येतो. या नाजूक कामात हे चार दिवस फार मोलाचे आहेत, कारण त्यांच्यामुळेच वेगवेगळ्या शहरांतल्या रुग्णांचे आकडे एका मापाने तोलता आले.

ते माप काय सांगते हे ऑगस्ट 2004 मध्ये मॅसिमो क्रिस्टोफॅनिली आणि सहकाऱ्यांनी दाखवले. रोग पसरलेल्या 177 स्त्रियांचे रक्त नवे उपचार सुरू होण्यापूर्वी तपासले होते. साडेसात मिलिलिटरमध्ये पाच किंवा त्याहून अधिक पेशी सापडल्या, त्यांच्यात रोग पुन्हा बळावेपर्यंतचा मध्यम काळ 2.7 महिने होता. पाचपेक्षा कमी सापडल्या, त्यांच्यात 7 महिने. पहिल्या गटाचे मध्यम आयुर्मान 10.1 महिने भरले, दुसऱ्याचे 18 महिन्यांच्याही पुढे गेले. उपचार सुरू झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी केलेली मोजणीही असेच बोलत होती, आणि स्कॅनमध्ये गाठ वाढली की आटली हे कळायला त्याहून बराच अधिक वेळ लागतो. मग पुढचा विचार आपसूकच सुचतो. पहिल्या केमोनंतरही पेशी कमी होत नसतील, तर ते औषध लागू पडत नाही. लगेच दुसरे द्यावे. हा विचार इतका सरळ आहे, की तपासून पाहण्याची गरजही अनेकांना वाटली नसती. अमेरिकेतल्या स्वॉग या संशोधन-गटाने तो तपासला, आणि याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे.

त्या चाचणीचे निष्कर्ष 2014 मध्ये आले. केमोच्या पहिल्या फेरीनंतर, म्हणजे सुमारे तीन आठवड्यांनी, ज्यांच्या रक्तातला आकडा चढाच राहिला अशा 123 स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटात चालू औषध सुरू ठेवले, दुसऱ्यात लगेच बदलले. मध्यम आयुर्मान पहिल्या गटात 10.7 महिने, दुसऱ्यात 12.5. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक नाहीच. यंत्राची बदनामी इथून सुरू झाली. पण याच चाचणीतले दुसरे आकडे पाहा. सुरुवातीपासूनच पेशी कमी असलेल्या स्त्रियांचे मध्यम आयुर्मान 35 महिने, उपचाराने आकडा खाली आलेल्यांचे 23, आणि आकडा न उतरलेल्यांचे 13. भाकीत तंतोतंत उतरले होते. ज्यांच्या पेशी हटत नव्हत्या, त्यांचा रोग पहिल्या केमोला दाद देत नव्हता, आणि त्याच कपाटातल्या दुसऱ्या केमोलाही देणार नव्हता. यात खोटी ठरली ती औषध बदलले की भागेल ही आशा.

मग उपचार बदलून उपयोग नसेल, तर हे कळून तरी काय लाभ, असे कुणी विचारील. हा आक्षेप वजनदार आहे, आणि अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने केवळ या मोजणीवरून उपचार ठरवू नयेत असे सांगितले, ते योग्यच होते. निष्फळ भीती वाढवणारी तपासणी कोणत्याही स्त्रीवर लादू नये. पण याचे उत्तर फ्रान्समधल्या एका चाचणीत अंशतः मिळते. तिथे 755 स्त्रियांपैकी निम्म्यांचा पहिला उपचार डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे ठरवला, आणि उरलेल्यांचा पेशींच्या आकड्याने: पाच किंवा जास्त असल्यास केमो, कमी असल्यास हॉर्मोनविरोधी गोळ्या. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत आकड्याचा निर्णय डॉक्टरांच्या निर्णयापेक्षा उणा ठरला नाही. डॉक्टरांना रोग सौम्य वाटला होता पण रक्तात पेशी जास्त होत्या, अशा स्त्रियांत तर केमो घेणाऱ्यांचा रोग अधिक काळ आटोक्यात राहिला. निवडायला खरोखर दोन वेगळ्या वाटा असतील, तेव्हा आकडा कामाला येतो. दुर्दैव इतकेच, की दरम्यान हॉर्मोनविरोधी गोळ्यांना सीडीके 4/6 रोखणाऱ्या नव्या औषधांची जोड मिळाली आणि चाचणीने विचारलेला प्रश्नच मागे पडला.

दुसरा आक्षेप यंत्राच्या नजरेबद्दलचा आहे, आणि तो मला अधिक खोल वाटतो. सेलसर्च एपकॅम असलेल्याच पेशी पकडते. दूर पसरण्याच्या तयारीतल्या काही पेशी नेमके हेच प्रथिन कमी करतात, म्हणजे सर्वांत धोकादायक पेशींपैकी काही चुंबकाच्या हाताला लागत नसणार. शिवाय आकडा हा फक्त आकडा. पेशी काय करते आहे ते त्यातून कळत नाही. 2014 मध्ये बोस्टनमधल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवले, की रक्तात एकेकट्या फिरणाऱ्या पेशींपेक्षा एकमेकींना धरून राहिलेले त्यांचे पुंजके नवी गाठ रुजवण्यात 23 ते 50 पट समर्थ असतात. याच धाग्यावरून स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी 2025 मध्ये एक लहानसा प्रयोग प्रसिद्ध केला. हृदयविकारासाठी वापरात असलेले डिगॉक्सिन त्यांनी नऊ स्त्रियांना दिले, आणि पुंजक्यांचा आकार सरासरी दोन पेशींनी घटला. नऊ स्त्रियांवरून उपचार ठरत नसतो. पण पेशी मोजण्याऐवजी तिचे वागणे बदलता येते का, हा प्रश्न माणसांत प्रथमच नीट विचारला गेला, म्हणून मला तो मोलाचा वाटतो. रक्तात तरंगणाऱ्या कर्करोगाच्या डीएनएची तपासणी आता कितीतरी पुढे गेली आहे, आणि तिच्यातले ठरावीक बदल पाहून औषध निवडताही येते, हे मान्य. पण डीएनएचे तुकडे बहुतांशी मेलेल्या पेशींचे असतात. जिवंत पेशी हाती आली, तर तिच्यावरची प्रथिने पाहता येतात, ती एकटी आहे की जोडीने हे कळते. ही माहिती तुकड्यांतून मिळणार नाही.

महाराष्ट्राला हा विषय आणखी एका वाटेने भिडतो. रक्तातल्या पेशींवरून स्तनाचा कर्करोग लवकर ओळखण्यासाठी नाशिकच्या दातार कॅन्सर जेनेटिक्सने विकसित केलेल्या चाचणीला 2021 मध्ये एफडीएने 'ब्रेकथ्रू' दर्जा दिला. या दर्जामुळे तपासणीची प्रक्रिया जलद होते. ती वापराची मान्यता नव्हे. नाशिकची पद्धत सेलसर्चहून वेगळी आहे, तेव्हा एकीच्या मर्यादा दुसरीवर लादणे अन्यायाचे होईल. तरी लक्षणे नसलेल्या स्त्रीला तपासायचे, तर गणित कठोर होते. एक लाख स्त्रियांत शंभर जणींना लपलेला कर्करोग आहे असे धरले आणि चाचणी निरोगी स्त्रियांत शंभरात एकदाच चुकली, तरी जवळजवळ हजार निरोगी स्त्रियांना कर्करोगाचा संशय सांगावा लागेल. उलट बाजूही आहे. जर्मनीतल्या एका मोठ्या अभ्यासात सेलसर्चने लवकरच्या टप्प्यातल्या 2,026 रुग्णांचे नेहमीच्या चौपट रक्त तपासले, तेव्हा केमोपूर्वी 21.5 टक्के स्त्रियांतच पेशी सापडल्या. रोग होता हे पक्के ठाऊक असताना पाचांतल्या चौघींच्या रक्तात काहीच दिसले नव्हते.

आणि पेशी अचूक सापडल्या तरी जीव वाचतात का, हे वेगळेच सिद्ध करावे लागते. ते कसे करायचे हे मुंबईने जगाला दाखवले आहे. टाटा मेमोरियलने 1998 पासून मुंबईतल्या वस्त्यांमधल्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर वीस वर्षे अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविका हातांनी स्तन तपासत. 2021 मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा सर्व वयोगटांत मिळून मृत्यूंतली घट संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत मात्र मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी कमी झाले. हाताच्या बोटांनी केलेल्या, जवळजवळ फुकटच्या तपासणीलाही हे दाखवायला दोन दशके लागली. रक्ताच्या चाचणीचे पैसे भरण्याआधी कोणत्याही स्त्रीने असाच पुरावा मागावा, आणि चाचणी देणाऱ्याने तो मिळवण्यासाठी तितकी वर्षे द्यावीत.