जननमार्गाचा दाह आणि वंध्यत्व

मूल होत नसले की दोष स्त्रीच्या माथी मारण्याची रीत आपल्या देशात फार जुनी आहे. वैद्यकशास्त्राला हा निवाडा मान्य नाही. संततिनियमनाचे कोणतेही साधन न वापरता, नियमित समागम होऊनही बारा महिन्यांत गर्भधारणा झाली नाही, तर त्या स्थितीस वंध्यत्व म्हणतात. तिचे कारण स्त्रीमध्ये, पुरुषामध्ये किंवा दोघांमध्येही असू शकते. अशा अनेक कारणांपैकी बऱ्याच अंशी टाळता येण्याजोगे एक कारण म्हणजे जननमार्गाचा दाह होय.

गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना सुमारे १० सेंटीमीटर लांबीची एकेक बीजवाहिनी असते. तिच्या अस्तरावरील केसांसारख्या अतिसूक्ष्म तंतूंच्या हालचालीने स्त्रीबीज गर्भाशयाकडे सरकते. स्त्रीबीज व शुक्रजंतू यांचे मीलनही याच नळीत होते. परमा किंवा क्लॅमिडिया या रोगांचे जंतू, तसेच अस्वच्छ रीतीने केलेल्या प्रसूतीच्या वा गर्भपाताच्या वेळी शिरलेले जंतू, योनिमार्गातून वर चढत येथवर पोहोचतात. मग नळी सुजते, तंतू नष्ट होतात आणि जखम भरून येताना आतील पदर एकमेकांस चिकटतात. दोन्ही नळ्या पूर्ण बुजल्या, तर गर्भ राहत नाही. मार्ग अर्धवट बुजला, तर गर्भ नळीतच रुजून स्त्रीच्या जिवावर बेतू शकते. क्षयाचे जंतू मात्र निराळ्या वाटेने, बहुधा फुप्फुसांतून रक्तावाटे, येथे येतात. भारतात हे कारण विसरून चालत नाही.

पुरुषाच्या शरीरातही असाच प्रकार घडतो. वृषणाला लागून असलेली अधिवृषणाची वेटोळी नळी उलगडली, तर सुमारे ६ मीटर भरेल. दाहामुळे दोन्ही बाजूंच्या नळ्या बुजल्या, तरी वीर्य दिसावयास पूर्वीसारखेच असते. त्यात शुक्रजंतू मात्र नसतात. म्हणून पत्नीच्या तपासण्यांत वर्षे घालविण्यापूर्वी पतीच्या वीर्याची तपासणी करून घेणे शहाणपणाचे ठरते.

या विकाराचा खरा धोका त्याच्या मूकपणात आहे. क्लॅमिडियाचा संसर्ग झालेल्या बहुसंख्य स्त्रियांना काहीच त्रास जाणवत नाही. ज्यांना अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे असा त्रास होतो, त्यांपैकी अनेकजणी लाजेपोटी तो सोशीत राहतात. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक रोग होते. पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या.

पुन्हा पुन्हा होणाऱ्या दाहाचा परिणाम स्वीडनमधील लुंड येथील दीर्घकालीन अभ्यासातून दिसून आला. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, एकदा दाह झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे ८ टक्के, दोनदा झालेल्यांपैकी सुमारे २० टक्के आणि तीन वा अधिक वेळा झालेल्यांपैकी ४० टक्के स्त्रियांना बीजवाहिन्यांतील दोषामुळे वंध्यत्व आले होते.

प्रतिजैविकांनी जंतू मरतात, पण एकदा पडलेला वण त्यांनी पुसला जात नाही. शस्त्रक्रिया किंवा प्रयोगशाळेतील फलन हे पुढचे उपाय आहेत. परंतु ते खर्चिक असून प्रत्येक वेळी यशस्वी होतातच असे नाही. म्हणूनच पहिल्या लक्षणाबरोबर वैद्यकीय सल्ला घ्यावा, औषधाचा ठरलेला क्रम मध्येच सोडू नये, आणि लैंगिक संसर्ग आढळल्यास पती-पत्नी दोघांनीही एकाच वेळी उपचार घ्यावेत. एकट्या पत्नीवर उपचार केल्यास पतीकडून तिला तोच संसर्ग पुन्हा होतो, आणि दर खेपेस बीजवाहिनीतील वण अधिक खोल होत जातो.